पार्श्वशूल : चिकित्सेपूर्वी बरगडी मोजावी

पार्श्वशूलाचा रुग्ण समोर येताच वातप्रकोप गृहीत धरून स्नेहन, स्वेदन वा विद्धकर्म सुरू करण्याची प्रवृत्ती आपल्या व्यवसायात आढळते. वाताविषयी दुमत नाही. परंतु वेदनेचा मार्ग न तपासता केलेली चिकित्सा अपुरी आणि प्रसंगी घातक ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाठीच्या वक्षीय भागातून नाड्यांच्या १२ जोड्या निघतात. पैकी ११ जोड्यांच्या पुढील शाखा बरगड्यांमधील जागेतून पुढे येतात. बारावी शेवटच्या बरगडीखालून जाते. बरगडीच्या खालच्या कडेशी असलेल्या खोबणीत वर शीर, मध्ये धमनी व खाली नाडी असा क्रम असतो. ही नाडी बरगड्यांमधील स्नायूंना चालना देते आणि त्वचेच्या व फुप्फुसाच्या बाह्य आवरणाच्या संवेदना वाहून नेते. दुसऱ्या नाडीची शाखा काखेत व दंडाच्या आतील बाजूस पोहोचते. सातव्यापासून अकराव्यापर्यंतच्या नाड्या उदरभित्तीत उतरतात. दहावीचा पट्टा नाभीच्या पातळीवर येतो. म्हणूनच मणक्यातील विकृती कधी कधी उदरशूलाच्या रूपाने प्रकट होते.

या ज्ञानाचा उपयोग रोजच्या व्यवहारात आहे. एकाच बाजूस पट्ट्यासारखी पसरून मध्यरेषेवर थांबणारी दाहयुक्त वेदना असेल, तर नागिणीची शंका घ्यावी. पुरळ बहुधा काही दिवसांनी उठते. विषाणुरोधक औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्यास लाभ अधिक, हे रुग्णाला आधीच सांगावे. छातीवर दडपण, घाम, हात वा जबड्याकडे जाणारी कळ असल्यास प्रथम ईसीजी. दाबल्यावर दुखते एवढ्यावरून हृद्रोग नाही असे ठरवू नये.

विद्धकर्माविषयी अधिक सावधता हवी. बरगड्यांमधील स्नायूंच्या मागे लगेच फुप्फुसाचे आवरण आहे. सुई खोल गेल्यास तेथे हवा शिरून फुप्फुस आकसू शकते. छातीतील पाणी काढतानाही सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेशी घालतात, ती नाडी व धमनी जपण्यासाठीच.

सुश्रुताचार्यांनी स्तनमूल, स्तनरोहित, अपलाप व अपस्तंभ ही उरःप्रदेशातील मर्मे सांगितली आणि शवच्छेदनाने शरीर प्रत्यक्ष पाहण्याचा आग्रह धरला. नाडी म्हणजे ग्रंथातील नेमके काय, हा वाद परिषदांत अवश्य व्हावा. रुग्णाच्या छातीवर सुई टेकवताना मात्र तिची जागा बोटांना ठाऊक असलीच पाहिजे.