लाईट दिवसाची की रातची?

सोनपेठ तालुक्यात एखाद्याला झोप लागते का, हे विचारण्याआधी दुसरंच विचारावं लागतं : या आठवड्यात लाईट दिवसाची की रातची? शेतीपंपांच्या थ्री फेजची पाळी फिरती असते. रातची आली की बॅटरी, काठी घेऊन माणूस उसाला दारं धरायला निघतो आणि उजाडताना चिखलाच्या पायांनी घरी येतो. अंधारातल्या सापाबद्दल, रानडुकराबद्दल आपण बोलतो. गेलेल्या झोपेचा मात्र हिशेब कुणी मांडत नाही.

‘दिवसा झोपून घ्यायचं की!’ असं सहज म्हटलं जातं. पण दिवसाची झोप रात्रीची भरपाई करत नाही. आपल्या पेशींमध्ये चोवीस तासांच्या आसपास फिरणारं एक घड्याळ असतं. ते कसं चालतं हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना 2017 चं नोबेल मिळालं. डोळ्यांवर उजेड पडला की हे घड्याळ शरीराला जागं करू लागतं, आणि पत्र्याखालच्या उकाड्यात झोप आणखी तुटते. पाळी कायम रातचीच असती तर शरीराने थोडंफार जुळवून तरी घेतलं असतं. इथे ते वळायला लागतं न लागतं तोच लाईट पुन्हा दिवसाची होते.

प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. ती वर्षानुवर्षं तुटत राहिली तर रक्तदाब, साखर आणि मनाची उदासी वाढण्याचा धोका असतो. सलग सतरा तास जागलेल्या माणसाचा हात आणि नजर थोडी दारू घेतल्यासारखी मंदावते, हे प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून रातचं पाणी देऊन लगेच मोटारसायकलवर गंगाखेड-परळीला निघू नका. आधी वीस-पंचवीस मिनिटं तरी पडा. पाळी संपत आली की चहा थांबवा आणि घरी अंधाऱ्या खोलीत झोपा. त्या वेळी घरच्यांनी उठवू नये.

सगळाच दोष लाईटीचा नाही. जोरात घोरणारा माणूस मध्येच श्वास अडकून दचकत असेल आणि दिवसभर पेंगत असेल, तर ती गाढ झोप नव्हे, तो आजार आहे. बहुधा घरच्या बाईलाच तो आधी कळतो. रात्री पाय वळवळत राहिले तर रक्तातलं लोह तपासून घ्यावं. आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने झोप लागत नसेल तर डॉक्टर गाठावा. मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय गोळी आणणं मात्र धोक्याचं. दारूनेही झोप लागल्यासारखी वाटते आणि पहाटे मोडते.

गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्याचं पाणी आपल्या तालुक्यातून परळीच्या औष्णिक केंद्राला जातं. ज्या शिवाराच्या पाण्यावर वीज तयार होते, तिथल्याच माणसाने विजेसाठी रात्र जागावी हे मला मान्य नाही. दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली आली. ती ऊर्जा खात्याची योजना म्हणून मोजली जाते. मी तिला आरोग्याची योजना मानतो, आणि तिची मागणी ग्रामसभेत त्याच भाषेत व्हावी असं मला वाटतं.

तोवर, बीपी तपासायला गेलात की आपण होऊन सांगा : डॉक्टरसाहेब, गेला आठवडा रातची लाईट होती.