विश्लेषण : साडेतीन किलोच्या कुत्रीला भूल सोसेल का? नसबंदीची भीती आणि डॉक्टरांवरचा विश्वास

पॉमेरियन, पग, शित्झू, डॅशहुंड, ल्हासा. वन बीएचकेत मावणारी ही कुत्री. पाच-सहा महिन्यांची झाली आणि लशीसाठी दवाखान्यात नेली, की डॉक्टर सहज विचारतात, "ऑपरेशन कधी करायचं?" तिथून घरात दोन तट पडतात. आजी म्हणते, मुक्या जिवाला कशाला कापायचं? मुलगा यूट्यूबवर तीन व्हिडिओ बघून उलटसुलट माहिती घेऊन येतो. आणि ज्याच्या मांडीवर ते पिल्लू झोपतं त्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो, एवढ्याशा जिवाला भूल सोसेल ना? परत उठेल ना?

ही भीती बावळटपणाची नाही. प्राण्याची संमती घेता येत नाही, दुखतंय का ते तो सांगू शकत नाही आणि ऑपरेशन थिएटरच्या दाराआड काय झालं ते आपल्याला दिसत नाही. त्यामुळे 'काही होत नाही हो, रोज दहा करतो' एवढ्या उत्तरावर मान डोलावून घरी येणं मला पटत नाही. पण भीतीपोटी निर्णय वर्षानुवर्षं पुढे ढकलणंही फुकट पडत नाही.

छोट्या कुत्र्याला भुलीचा धोका जास्त असतो का?

हो, थोडा जास्त असतो. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या ९८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या भुलीच्या नोंदी तपासल्या होत्या. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. धडधाकट कुत्र्यांमध्ये भुलीशी संबंधित मृत्यूचं प्रमाण सुमारे ०.०५ टक्के, म्हणजे साधारण दोन हजारांत एक. आधीपासून आजारी असलेल्यांमध्ये १.३३ टक्के, म्हणजे पंचाहत्तरात एक. पाच किलोंपेक्षा कमी वजनाच्या कुत्र्यांना धोका अधिक आढळला.

हे आकडे ब्रिटनचे आहेत. ते आपल्या गल्लीतल्या दवाखान्याला जसेच्या तसे चिकटवता येणार नाहीत. पण त्यातल्या दोन गोष्टी कुठेही लागू पडतात. धडधाकट आणि आजारी यांच्यातला फरक जवळपास पंचवीस पटींचा आहे, म्हणजे भुलीआधी आजार शोधणं हीच सर्वांत मोठी सुरक्षा. आणि मृत्यूंपैकी बरेचसे ऑपरेशन चालू असताना झालेले नव्हते. ते नंतर झाले, त्यातही पहिल्या तीन तासांत. आपण 'झालं एकदाचं' म्हणून सुटकेचा निःश्वास टाकतो, नेमक्या त्याच वेळेत.

लहान शरीराचं गणित इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचं आहे. आकार लहान झाला की वजनाच्या मानाने पृष्ठभाग वाढतो. तीस किलोच्या लॅब्रॅडोरशी तुलना केली तर तीन किलोच्या कुत्रीच्या दर किलोमागे त्वचा साधारण दुप्पट भरते. म्हणजे अंगातली उष्णता दुप्पट वेगाने निघून जायला वाव. त्यात पोटावरचे केस काढलेले, स्पिरिट लावलेलं, टेबल स्टीलचं, वर एसी चालू. अंग गार पडलं की औषध शरीराबाहेर पडायला वेळ लागतो आणि जाग उशिरा येते.

औषधाच्या मात्रेचंही तेच. मोठ्या कुत्र्याला तीन मिली लागत असेल तर हिला ०.३ मिली. सिरिंजमध्ये ०.१ मिलीची चूक झाली तर तिथे ती किरकोळ ठरेल, इथे मात्रा तिसऱ्या हिश्शाने चुकली. म्हणून 'साधारण तीन-साडेतीन असेल' हे वजन चालत नाही. त्याच दिवशी, काट्यावर. रक्ताचा विचार केला तर तीन किलोच्या कुत्रीच्या अंगात सगळं मिळून जेमतेम पेलाभर, पाव लिटरच्या आसपास रक्त असतं. त्यातलं दोन-तीन मोठे चमचे जरी गेलं तरी ते दहा टक्क्यांच्या घरात जातं.

मग करायचीच कशाला?

मादीच्या बाबतीत उत्तर तसं सरळ आहे. गर्भाशयात पू होण्याचा आजार असतो, पायोमेट्रा. नसबंदी न केलेल्या माद्यांमध्ये तो उतारवयात होतो, बहुतेकदा माजानंतर काही आठवड्यांनी. स्वीडनमधल्या विमा नोंदींवरून केलेल्या अभ्यासात दहा वर्षांच्या आत सुमारे एक चतुर्थांश माद्यांना तो झाल्याचं दिसलं. यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे गर्भाशय काढणं, म्हणजे तेच ऑपरेशन. फरक एवढाच की आता कुत्री नऊ वर्षांची असते, तापलेली असते, कधी मूत्रपिंडावर परिणाम झालेला असतो आणि ऑपरेशन रात्री अकराला करावं लागतं. दोन हजारांतल्या एकाची भीती वाटली म्हणून जे टाळलं, ते पंचाहत्तरातल्या एकाच्या रांगेत येऊन उभं राहतं.

स्तनांच्या गाठींबद्दल मात्र जरा सांभाळून बोलायला हवं. पहिल्या माजाआधी नसबंदी केली तर धोका अर्धा टक्का, पहिल्यानंतर आठ, दुसऱ्यानंतर २६, हे आकडे प्रत्येक दवाखान्यातल्या पोस्टरवर असतात. ते १९६९ च्या एका अमेरिकी अभ्यासातले आहेत आणि ते नसबंदी न झालेल्या मादीच्या तुलनेतले आहेत. 'शंभरातल्या २६ जणींना कॅन्सर होतो' असा त्याचा अर्थ नाही. २०१२ मध्ये या विषयावरचे अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा पुरावा कमकुवत असल्याचंही नोंदवलं गेलं. मला विचाराल तर पायोमेट्राचं कारण एकटंच पुरेसं आहे, त्याला पोस्टरची भर नको.

'एकदा तरी पिल्लं होऊ द्या, मग करा' हा सल्ला हमखास मिळतो. त्याने आरोग्याला काहीही फायदा होत नाही. उलट छोट्या जातीच्या मादीची प्रसूती अडण्याची, सिझेरियन करावं लागण्याची शक्यता बरीच असते. खाली फिरायला नेताना रस्त्यावरच्या दांडग्या कुत्र्याशी संबंध आला तर ही शक्यता आणखी वाढते.

लवकर नसबंदी केली की सांधे बिघडतात, ही आणखी एक भीती. ती मुख्यतः लॅब्रॅडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींची आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०२० मध्ये ३५ जातींचा अभ्यास मांडला, त्यात छोट्या जातींमध्ये सांध्यांचे आजार वाढलेले दिसले नाहीत. शित्झूमध्ये मात्र काही कर्करोगांचं प्रमाण वाढलेलं आढळलं, तेव्हा शित्झू असेल तर वयाबद्दल डॉक्टरांशी वेगळं बोला. एरवी वीस किलोंच्या आतल्या माद्यांसाठी पहिल्या माजाआधी, पाच-सहा महिन्यांच्या सुमारास असा सल्ला दिला जातो. मादी माजावर असेल तर घाई नको. त्या वेळी तिथला रक्तपुरवठा वाढलेला असतो. दोन-तीन महिने थांबतात.

नर असेल तर?

इथे मी इतक्या ठामपणे 'करूनच टाका' म्हणणार नाही. एखादं वृषण पोटातच राहून गेलं असेल, आणि छोट्या जातींमध्ये हे बऱ्यापैकी दिसतं, तर ते काढायलाच हवं. पुढे त्यात गाठ होण्याचा धोका असतो. म्हातारपणी प्रोस्टेट वाढण्याचा त्रासही नसबंदीने टळतो. पण 'भुंकतो फार, चावायला येतो, ऑपरेशन केलं की शांत होईल' या अपेक्षेने करत असाल तर थांबा. भित्रेपणातून येणारा चावरेपणा याने जात नाही. सोफ्याच्या पायाला शू करण्याची सवय लागून गेली असेल तर तीही हमखास जात नाही.

ऑपरेशनआधीची कोणती तपासणी टाळू नये?

आपल्याकडे गोचीड बारमाही. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात रक्तातल्या प्लेटलेट्स घटतात आणि वरून कुत्रा अगदी मजेत, शेपूट हलवत असतो. असा कुत्रा टेबलावर घेतला आणि रक्त थांबेना, तर पेलाभर रक्ताचं वरचं गणित पुन्हा वाचा. म्हणून किमान संपूर्ण रक्तगणना, त्यासोबत यकृत आणि मूत्रपिंडाची तपासणी. 'तरुण आहे, गरज नाही' असं कुणी म्हटलं तरी पैसे देऊन करून घ्या. गेल्या दोन-तीन महिन्यांत गोचीड दिसली असेल तर ते आपणहून सांगा.

विश्वास ठेवायचा तो कशावर?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'चांगला व्हेट सांगा' असं टाकलं की नावं येतात, त्यात 'प्रेमळ आहेत' आणि 'स्वस्त आहेत' हे दोनच निकष असतात. दोन्ही गोष्टी चांगल्या. पण ऑपरेशनला त्या कामाच्या नाहीत.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा : डॉक्टरांचे दोन्ही हात ऑपरेशनमध्ये गुंतलेले असताना तिच्या श्वासाकडे कोण बघणार? एकच माणूस भूलही देतोय, कापतोय आणि मधूनमधून मॉनिटरकडेही बघतोय, ही रचना मला धोक्याची वाटते. सोबत दुसरा डॉक्टर नाही तरी प्रशिक्षित मदतनीस हवा. जिभेला पल्स ऑक्सिमीटर लावणार का, हे विचारा. कोविडमध्ये आपण बोटाला लावायचो त्याच तत्त्वावरचं यंत्र आहे, त्यात काही परग्रहावरचं नाही. शिरेत सुई लावून ठेवणार का, श्वासनलिकेत नळी घालणार का, अंग गरम ठेवायला काय आहे, हेही विचारा. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला नळी पूर्ण जाग येईपर्यंत ठेवावी लागते. पॉमेरियनला श्वासनलिका दबण्याचा त्रास असू शकतो. जातीचं नाव घेतल्यावर डॉक्टरांनी यातलं काही आपणहून काढलं तर मला ती खरी खूण वाटते. दुधाचे दात पडले नसतील तर तेही त्याच भुलीत काढता येतात, एवढं सुचवणारा डॉक्टर कुत्र्याच्या तोंडातही बघतो, हे कळतं.

दरांत दुपटीचा फरक दिसला तर आधी विचारा की त्यात काय धरलंय. रक्ततपासणी, गॅसची भूल, वेदनाशामक, नंतरची देखरेख यातलं काय वगळलंय त्यावर बहुतेक फरक ठरतो. संमतीपत्र आदल्या दिवशी मागून घ्या. काउंटरवर, कुत्रं थरथरत कडेवर असताना सही करण्यात काही अर्थ नसतो.

आता नोंदणी. भारतीय पशुवैद्यकीय परिषद कायदा, १९८४ नुसार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच हा व्यवसाय करता येतो. पदवी बीव्हीएससी अँड एएच, नोंदणी महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक नसेल तर विचारा. पेट शॉपवाला 'आमचा माणूस घरी येऊन करून देतो' म्हणाला तर विषय तिथेच संपवा. खासगी दवाखाना परवडत नसेल किंवा पटत नसेल तर परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. तिथे रांग असते, खुर्च्या मोडक्या असतात, पण शस्त्रक्रियेचे प्राध्यापक असतात.

प्रश्न विचारल्यावर 'मग तुम्हीच करा ऑपरेशन' असं म्हणणारे डॉक्टर आहेत. तिथून नमस्कार करून निघावं. पण दुसरी बाजूही मांडायला हवी. गोचीड लपवणारे, रक्ततपासणीवर घासाघीस करणारे, आणि 'बिचारी सकाळपासून उपाशी आहे' म्हणून गाडीत हळूच बिस्किट भरवणारे पालक प्रत्येक दवाखान्यात येतात. भुलीत उलटी झाली आणि ती फुप्फुसात गेली तर त्याला डॉक्टर जबाबदार नसतात. उलट टोकही वाईट. दोन-तीन किलोच्या पिल्लाला रात्री आठपासून दुसऱ्या दुपारपर्यंत उपाशी ठेवलं तर साखर उतरू शकते. किती तास उपाशी ठेवायचं ते वजन सांगून विचारून घ्या, आणि नंबर सकाळचा पहिला मागा.

घरी कधी आणायचं?

मान धरता येत नाही, अंग गार लागतंय, अशा अवस्थेत टॉवेलात गुंडाळून रिक्षातून घरी आणू नका. पहिले तीन तास आठवा. स्वतः उभी राहून चार पावलं टाकेपर्यंत ती दवाखान्यातच बरी. निघताना रात्री फोन कुणाला करायचा, तो नंबर लिहून घ्या आणि तो लागतो का ते तिथेच बघा.

घरी वेदनाशामक द्यायचं ते डॉक्टरांनी दिलेलंच. आपल्या डब्यातली आयब्युप्रोफेनची गोळी कुत्र्यासाठी विष आहे, तुकडासुद्धा नको. हिरड्या पांढुरक्या दिसल्या, पोट फुगलं, टाक्यांतून रक्त थांबत नाही किंवा दुसऱ्या दिवशीही ती पडून राहिली, तर सकाळची वाट बघू नका.

गळ्यातल्या कोनची दया येते, ती भांड्यांना धडकत फिरते, तरी तो काढू नका. एका रात्रीत चाटून टाके उघडतात. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांत निघतात. पॉमेरियनच्या पोटावरचे केस यायला काही महिनेही लागू शकतात. त्यानंतर भूक वाढते आणि गरज कमी होते, तेव्हा वाटी पाव हिश्शाने कमी करावी लागते, आणि आजीच्या ताटातली पोळी बंद करावी लागते. हे शेवटचं काम कुणी करायचं, ते आधीच ठरवून घ्या.