बिघडलेली शेगडी आणि सुशिक्षितांचा सोवळेपणा

गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरची गॅसची शेगडी आजारी पडली. आजार मोठा नव्हता. काडी लावली कीं डावा बर्नर पेटे, कळ दाबून धरली तोंवर जळत राही, आणि कळ सोडतांच ज्योत मालवे. शेगडी बनविणाऱ्या कारखान्याचा माणूस आला. त्यानें दोनदां कळ फिरविली आणि निकाल दिला : "साहेब, हे मॉडेल बंद झालं. पार्ट येत नाही. नवीनच घ्या." शेगडीचें वय सहा वर्षांचें. काच अभंग, लोखंड निर्मळ, बाकीचे दोन बर्नर सुदृढ. असें असतां एका बोटभर तुकड्यासाठीं ती सबंध भंगारांत काढावी, हा सल्ला त्या माणसानें ज्या सहजतेनें दिला, तिच्यापेक्षां आम्ही तो ज्या सहजतेनें मानावयास निघालों होतों, ती सहजता आम्हांस आतां अधिक लाजिरवाणी वाटते.

ज्योत वाऱ्यानें किंवा उतू गेलेल्या दुधानें विझली, तर वायु आपोआप बंद व्हावा, म्हणून अलीकडच्या कांहीं शेगड्यांत एक सोय असते. बर्नरच्या कडेला एक लहानशी कांडी उभी असते. तिला थर्मोकपल म्हणतात. दोन भिन्न धातु जोडून सांधा तापविला, कीं अत्यल्प विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. हें तत्त्व झेबेक या शास्त्रज्ञाला १८२१ सालीं सांपडलें. त्या प्रवाहाच्या बळावर कॉकमधला एक चिमुकला चुंबक वायूचें दार उघडें धरून ठेवतो. ज्योत गेली, कांडी निवली, प्रवाह थांबला, दार मिटलें. बस, एवढेंच. आतां या कांडीचें टोक काजळीनें माखलें, तिचा सांधा सैल झाला किंवा ती जळून निकामी झाली, तर ज्योत असूनहि चुंबकाला ती दिसत नाहीं. आणि कळ सोडतांच दार मिटतें. आमच्या शेगडीचा रोग हाच होता. ही कांडी एका नटावर बसविलेली असते, आणि ती काढतांना घालतांना वायूच्या मार्गाला हात लावावा लागत नाहीं. ती कोणा एका कारखान्याचें गुपितहि नव्हे. तिची लांबी आणि टोंकाची घडण तेवढी जुळावी लागते.

आमचे एक स्नेही पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आहेत. झेबेकचा हा शोध ते गेलीं कित्येक वर्षें फळ्यावर आकृति काढून शिकवीत आले आहेत. त्यांना आम्ही ही हकीकत सांगितली, तेव्हां ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, कीं याच दुखण्यापायीं आपण दोन वर्षांपूर्वीं एक शेगडी टाकून दिली. फळ्यावरचें थर्मोकपल आणि ओट्यावरचें थर्मोकपल हें एकच, हें त्यांच्या कधीं मनांतच आलें नव्हतें! आम्ही त्यांस हंसलों नाहीं. हंसण्याचा आम्हांस अधिकार नव्हता.

हा आळस नव्हे. आळशी मनुष्य पहांटे उठून सहा मैल फिरावयास जात नाहीं, आणि आमचा वर्ग तर जातो. हें सोवळें आहे. पूर्वींचें सोवळें स्वयंपाकघरांत बाहेरचा स्पर्श चालूं देत नसे. नवें सोवळें घरधन्याच्या हाताला पान्ह्याचा आणि काळ्या ग्रीजचा स्पर्श होऊं देत नाहीं. वस्तु बिघडली कीं माणूस बोलवावा, माणसानें मान हालविली कीं वस्तु टाकावी आणि नवी आणावी, याला आम्ही सुधारणा म्हणतों. ज्या महाराष्ट्रांत मुंबईच्या व्ही. जे. टी. आय. मध्यें यंत्रांचीं रेखाचित्रें शिकविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें दुकान घातलें, आणि मळलेल्या हातांनीं पुढचा सारा पसारा उभारला, त्या महाराष्ट्रांत त्यांचें चरित्र आमच्या मुलांना पाठ असतें. पण सायकलीची ट्यूब त्यांच्यापैकीं किती जणांना काढतां येते, हें कोणत्याहि आईबापांनीं आपल्या घरीं पाहून घ्यावें.

आणि हें परावलंबन फार जुनेंहि नाहीं. आमच्या लहानपणीं घरांत प्रायमस होता. स्टॉकहोमच्या लिंडक्विस्ट नांवाच्या कारागिरानें १८९२ च्या सुमारास प्रचारांत आणलेला हा स्टोव्ह आमच्या आळींतील बायकांनीं असा कांहीं आपलासा केला होता, कीं तो परक्या देशाचा आहे, असें कोणास वाटत नसे. आमच्या मातोश्री मराठी चौथी शिकल्या होत्या. पंपाचा जोर कमी झाला, कीं त्या दट्ट्या उपसून काढीत, त्याच्या टोकाचा चामड्याचा वायसर गोडेतेलांत भिजत घालीत, बोटांनीं त्याची कड फुलवीत, आणि पुन्हा बसवीत. निपलचें भोंक बुजलें तर पिन करीत. बर्नर गळूं लागला, तर आम्हां मुलांपैकीं एकाला दुकानीं पिटाळीत आणि शिशाचा वायसर आणवीत. काकडा किती वेळ जळूं द्यावा, पहिला पंप केव्हां मारावा, आवाज कसा असला म्हणजे ज्योत निळी आहे असें न पाहतांहि समजावें, हें सारें त्यांस ठाऊक होतें. पुढें कुकर आला, तेव्हां त्याची रबरी कडी, शिट्टी आणि सुरक्षेची चकती हीं त्यांनीं तितक्याच सहजपणें बदललीं. आजहि लक्षावधि घरांत बायका तीं बदलतात, आणि त्यासाठीं कोणी माणूस बोलावीत नाहीं. फक्त या कामाला 'दुरुस्ती' हें नांव कोणीं दिलें नाहीं. बायका करतात म्हणून तें स्वयंपाकांत जमा झालें. पुरुषांनीं केलें असतें, तर त्याला यंत्रविद्या म्हटलें असतें.

आमच्या या म्हणण्यावर पहिला आक्षेप येतो तो धोक्याचा. वायु म्हणजे खेळ नव्हे, अडाण्यांनीं त्यांत हात घालूं नये, असें सांगणारे लोक खरें तेंच सांगतात. फक्त त्यांतून ते जें अनुमान काढतात, तें चुकीचें असतें. अडाण्यानें हात घालूं नये, याचा अर्थ अडाणीपण घालवावें, असा होतो. तें जन्मभर जपावें, असा होत नाहीं. सिलिंडरला आणि त्यावरील रेग्युलेटरला गृहस्थानें कधींहि उघडूं नये. तें बिघडलें तर बदलूनच घ्यावें. कॉक वायूच्या मार्गांत आहे, तो जाणत्याकडेच द्यावा. जेटचें भोंक बारीक तारेनें साफ करावें, पण दाभणानें मोठें करूं नये. कारण तें भोंक मापानें पाडलेलें असतें, आणि तें वाढलें कीं ज्योत पिवळी होते, भांडीं काळीं पडतात. काम करण्यापूर्वीं रेग्युलेटर सिलिंडरवरून काढावा, खिडकी उघडावी, आणि काम झाल्यावर सांध्यांवर साबणाचा फेस लावून पाहावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून गळती पाहणारा मनुष्य बी. ए. असला तरी अडाणीच होय. हा वायु हवेपेक्षां जड असल्यामुळें जमिनीलगत सांचतो, आणि वास यावा म्हणून त्यांत मुद्दाम मर्केप्टन मिसळलेलें असतें. रबरी नळी दर पांच वर्षांनीं बदलावयाची असते. या गोष्टी ज्याला माहीत आहेत, त्याच्या घरांत धोका अधिक कीं ज्याला माहीत नाहींत त्याच्या? कित्येक सुशिक्षित घरांत नळीला दहा दहा वर्षें झालेलीं असतात, आणि 'आपण त्यांत हात घालीत नाहीं' या अभिमानांत सारीं माणसें निर्धास्त असतात.

धोक्याविषयीं आणखी एक गोष्ट बोलणें प्राप्त आहे, आणि ती सुखाची नाहीं. १९७० ते १९९० या काळांतील वृत्तपत्रें ज्यांनीं वाचलीं असतील, त्यांस 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यु' हा मथळा आठवत असेलच. तो इतक्या वेळां येई, कीं वाचणारा पान उलटून पुढें जाई. भडका उडतोच, ही खरी गोष्ट आहे. स्टोव्ह पुरेसा तापण्यापूर्वीं पंप मारला, तर रॉकेलची वाफ होत नाहीं, तें द्रवरूपानेंच वर उसळतें, आणि काजळीचा पिवळा लोट उठतो. हवेची चावी सैल केली, कीं तो बसतो. परंतु हा भडका नेहमीं घरांतील सुनेच्याच अंगावर कसा जावा, सासूच्या कां जाऊं नये, हा प्रश्न विचारण्यास समाजाला फार वर्षें लागलीं. तत्कालीन दंडसंहितेंत १९८३ सालीं ४९८-अ आणि १९८६ सालीं ३०४-ब हीं कलमें आलीं, तेव्हां त्या बिचाऱ्या स्टोव्हच्या माथीं मारलेले कित्येक गुन्हे मूळ धन्यांकडे परत जाऊं लागले. स्टोव्ह केव्हां भडकूं शकतो आणि केव्हां भडकूं शकत नाहीं, हें ज्ञान शेजारच्या चार पुरुषांनाहि असतें, तर पंचनाम्यावर सही करतांना त्यांचा हात कांहींसा अडखळला असता, असें आम्हांस वाटतें. यंत्राविषयींचें अज्ञान निरुपद्रवी असतें, असें मानणाऱ्यांनीं याचा विचार करावा.

दुसरा आक्षेप वेळेचा. आमचा तास मोलाचा, तो शेगडीपुढें कां घालवावा? या आक्षेपाला उत्तर देण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. नवी शेगडी निवडण्यांत, तिची वाट पाहण्यांत आणि ती बसविणाऱ्याची मनधरणी करण्यांत आमच्या परिचितांचे किती मोलाचे तास जातात, तें आम्हीं पाहिलें आहे.

तिसरा आक्षेप मात्र विचारार्ह आहे. प्रत्येकजण आपली शेगडी आपणच नीट करूं लागला, तर गल्लीच्या कोपऱ्यावरील कारागिरानें काय खावें? हा प्रश्न दयाळू आहे, पण तो दहा वर्षें उशिरानें विचारला गेला. त्या कारागिराचा घास आमच्या पान्ह्यानें हिरावलेला नाहीं. सुटा भाग मिळेनासा झाला, तेव्हांच तो गेला. वायसर, निपल आणि बर्नर हे सर्व स्टोव्हांना सारखे बसत, म्हणून त्याचा धंदा चाले. आज शेगडीचा प्रत्येक नमुना आपला स्वतंत्र नट घेऊन जन्मतो, दोन वर्षांत नमुना बंद होतो, आणि भागहि त्याबरोबर सती जातो. शिवाय ज्याला आपल्या शेगडीचें दुखणें समजतें, तोच कारागिराचें कसब ओळखतो. थर्मोकपल आम्हीं बदललें. पण कॉक अडूं लागला, तेव्हां तो आम्ही एका वृद्ध मिस्त्रींकडेच घेऊन गेलों. त्यांनीं तो रॉकेलनें धुवून, ग्रीज लावून परत दिला, आणि त्यांनीं मागितलेल्या पैशांवर आम्हीं घासाघीस केली नाहीं, कारण तें काम काय आहे हें आम्हांस आतां कळत होतें.

तेव्हां आमचा खरा वाद कारखानदारांशीं आहे, आणि कांहीं अंशीं सरकाराशीं. घरगुती गॅसशेगडीसाठीं आय. एस. ४२४६ हें भारतीय मानक आहे. त्यांत शेगडीची औष्णिक कार्यक्षमता निदान ६८ टक्के असावी, असें ठरविलेलें आहे. उत्तम गोष्ट आहे. पण बर्नरचीं भोंकें उतू गेलेल्या भातानें बुजून विद्रूप झालीं आणि त्या मापाचा बर्नर बाजारांत नाहीं, तर ते ६८ टक्के कागदावरच राहिले. पश्चिमेकडेहि हीच उपेक्षा दिसते. ब्रिटनमध्यें २०२१ च्या जुलैपासून सुट्या भागांच्या पुरवठ्याचे नियम लागू झाले. ते धुलाईयंत्र, भांडीं धुण्याचें यंत्र, शीतकपाट, दूरचित्रवाणी यांना लागू आहेत, स्वयंपाकाच्या शेगड्यांना नाहींत. फ्रान्सनें त्याच वर्षीं वस्तूवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकीं गुण छापण्याची सक्ति केली. त्यांच्या पहिल्या पांच वस्तूंत हिरवळ कापण्याचें यंत्र आहे, चूल नाहीं! हिरवळ वाढली तर चार दिवस कोणी उपाशी राहत नाहीं, हें कायदे करणाऱ्यांच्या ध्यानांत आलें नसावें. किंवा ते स्वतः कधीं स्वयंपाकघरांत गेले नसावेत.

आमच्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानें जुलै २०२२ मध्यें 'दुरुस्तीच्या हक्का'साठीं समिति नेमली. शेतीचीं अवजारें, मोबाइल, मोटारी आणि घरगुती टिकाऊ वस्तु हीं क्षेत्रें तिनें प्रथम हातीं घेतलीं, आणि त्या वर्षाच्या अखेरीस एक संकेतस्थळहि निघालें. माहिती मिळाली तर ती हवीच आहे. परंतु माहितीनें ज्योत पेटत नाहीं. शेगडीच्या प्रत्येक सुट्या भागाला क्रमांक असावा, तो वेष्टनांतील कागदावर मराठींत आकृतीसह छापलेला असावा, नमुना बंद झाल्यावरहि निदान दहा वर्षें तो भाग कोणाहि गिऱ्हाइकाला मिळावा, आणि थर्मोकपल, जेट, बर्नर यांचीं मापें सर्व कारखान्यांनीं एकच ठेवावीं, एवढें आम्हांस हवें आहे. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची काच फुटली, तर लोक काच आणीत. कंदील फेकून द्या, असें सांगण्याची कोणाची छाती झाली नसती. कारखानदार म्हणतील, कीं अशानें नवा माल कसा खपावा? त्यांनीं तो आपल्या चांगुलपणावर खपवावा. जुना बिघडल्यावर गिऱ्हाईक हतबल होईल, या हिशेबावर खपविलेला माल आम्ही व्यापारांत धरीत नाहीं.

आमची ती कांडी अखेर पुण्याच्या बोहरी आळींत मिळाली. दुकानदारानें विचारलें, "लांबी किती?" आम्ही जुनी कांडी कागदांत गुंडाळून बरोबर नेली होती. त्यानें ती नव्या कांडीशेजारीं धरली, टोकें जुळवून पाहिलीं, आणि दहा मिनिटांत आम्ही रस्त्यावर होतों. घरीं आल्यावर नट बसवितांना आमच्या हातून तो दोनदां ओट्याखालीं पडला; तिसऱ्यांदां आमच्या सौभाग्यवतींनीं तो आमच्या हातांतून काढून घेतला आणि स्वतःच बसविला. कळ सोडली. ज्योत तशीच जळत राहिली.