अठरा वर्षे पूर्ण झाली, आता हृदयाच्या झडपेकडे कोण पाहणार?

लहानपणी ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ या जन्मजात हृदयदोषाची शस्त्रक्रिया झाली म्हणजे आजार संपला, असे अनेक घरांत मानले जाते. तसे नसते. या शस्त्रक्रियेत फुफ्फुसाकडे जाणारी अरुंद वाट मोठी केली जाते आणि तिथली झडप बऱ्याचदा गळकी होते. वर्षानुवर्षे गळती सोसून हृदयाचा उजवा कप्पा फुगतो. दम लागायला लागतो, तोपर्यंत कधी कधी उशीर झालेला असतो.

पूर्वी यावर उपाय एकच, पुन्हा छाती उघडणे. २००० मध्ये डॉ. फिलिप बोनहोफर यांनी पॅरिसमध्ये १२ वर्षांच्या मुलाला कॅथेटरने झडप बसवली. स्टेंटमध्ये शिवलेली, गायीच्या मानेतल्या शिरेची झडप. जांघेतल्या शिरेतून ती हृदयापर्यंत नेऊन फुग्याने उघडतात. आता भारतातही हे होते. सगळ्यांना मात्र ते चालत नाही. कोरोनरी धमनी दबण्याचा धोका असेल तर शस्त्रक्रियाच करावी लागते.

अडचण वेगळीच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला. खारबावसारख्या गावांत शाळा-अंगणवाडीतच हृदयदोष सापडू शकतो तो त्यामुळे. पण त्याची वयोमर्यादा १८. झडप अनेकदा त्यानंतरच त्रास देते! अठरा पूर्ण होताना शस्त्रक्रियेचे कागद आणि पुढच्या इकोची तारीख रुग्णाच्या हातात द्यायला, प्राथमिक आरोग्य केंद्रात अशा रुग्णांची यादी ठेवायला फार पैसा लागत नाही. तोवर घरच्यांनी जुनी फाइल रद्दीत घालू नये.