पाणी उकळले, पण नायट्रेटचे काय?

शेतकरी बंधूंनो, पावसाळा तोंडावर आला की गावोगाव सांगणे सुरू होते, पाणी उकळून, गाळून प्या. ते खरेच आहे. तुरटी फिरवून गाळ बसू दिला, वरचे निवळ पाणी चारपदरी फडक्यातून गाळून खळखळ उकळले, की कॉलरा, हगवण, कावीळ यांच्या जंतूंची काळजी मिटली. जळणाची अडचण असेल तर मेडिक्लोर टाकून अर्धा तास थांबावे.

पण पाण्यात जे विरघळले आहे ते उकळून जात नाही. आमटी आटली की खारट होते ना, तसेच हे. पाणी आटते, नायट्रेट तेवढेच राहते. कँडलचा फिल्टरही इथे कामाचा नाही.

हे नायट्रेट येते कुठून? विहिरीला लागून उकिरडा, शेजारी संडासचा खड्डा, आणि उसाला एकदम फेकलेला युरिया, वर मोकाट पाणी! युरियाचे जमिनीत नायट्रेट होते, ते मातीला धरून राहत नाही, पाण्याबरोबर खाली उतरते. युरिया नकोच, असे मी म्हणणार नाही, हप्त्याहप्त्याने द्या. विहिरीत गेलेल्या खताचे पैसेही विहिरीतच गेले म्हणायचे.

पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नको. मोठ्यांना लगेच काही जाणवत नाही, धोका तान्ह्या बाळाला. रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, ओठ-नखे निळी पडतात. अशा पाण्यात बाळाचे वरचे दूध कालवू नका, उकळूनसुद्धा नाही.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे काही बोअरना फ्लोराईडची पीडा आहे. तो खडकातूनच येतो, दात आणि हाडे धरतो. आरओ यंत्र दोन्ही काढते, पण बरेच पाणी वाया घालवते. त्यापेक्षा गावात दुसरी चांगली विहीर असेल तर पिण्यापुरते तिथून आणणे स्वस्त.

ग्रामसेवक आणि सरपंचांनाही एक सांगणे. टीसीएलचे पोते उघडे राहिले की त्यातला क्लोरीन उडतो, मग विहिरीत नुसती पांढरी भुकटी पडते. आणि तपासणीचा अहवाल फायलीत ठेवू नका, ग्रामसभेत वाचा.

यंत्र घेण्याआधी पाणी तपासा. क्षारांच्या तपासणीसाठी स्वच्छ प्लास्टिकचा कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा, झाकण घट्ट लावा, वर विहिरीचे नाव आणि तारीख लिहा. जंतूंसाठी मात्र प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक बाटली मागून घ्या, घरची चालत नाही.