डुलकी चालकाची, वेळापत्रक कोणाचे?

१/ 'चालकाला डुलकी लागली आणि बस उलटली.' हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचले आहे की त्यातला अन्याय आता जाणवतही नाही. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे, इतिहासदृष्ट्या नाही. डुलकी चालकाची असते. तिची वेळ मात्र पुष्कळदा दुसऱ्याच कोणी कागदावर आखून ठेवलेली असते. या धाग्यात त्याचा मागोवा.

२/ २५ ऑगस्ट १८६१, रविवार. इंग्लंडमधील ब्रायटन लोहमार्गावरचा क्लेटन बोगदा. लागोपाठ सुटलेल्या तीन गाड्यांपैकी दोन बोगद्यात एकमेकींवर आदळल्या. २३ मृत, १७६ जखमी. स्वयंचलित सिग्नलने दगा दिला होता, तारयंत्रावरच्या संदेशाचा अर्थ चुकला होता. आणि सिग्नल सांभाळणारा हेन्री किलिक सलग २४ तासांच्या पाळीवर होता.

३/ २४ तास का? नेमलेली पाळीच १८ तासांची होती. एक पूर्ण दिवस मोकळा मिळावा म्हणून त्याने २४ तास पत्करले. 'चालक स्वतःच जादा काम मागतात' असे सांगणाऱ्या मालकांनी हा तपशील ध्यानात ठेवावा. १८ आणि २४ यांतून केलेल्या निवडीला स्वेच्छा म्हणणे ही क्रूर थट्टा आहे.

४/ अपघात केवळ थकव्याने झाला, असा माझा दावा नाही. दोन गाड्यांमध्ये ५ मिनिटांचे अंतर राखण्याचा नियमही त्या दिवशी मोडला गेला होता. पण थकव्याचे स्वरूपच असे आहे: इतरांच्या चुका सावरण्याची जी शेवटची संधी असते, तीच तो हिरावून घेतो.

५/ पुढे १८९३ मध्ये ब्रिटनने रेल्वे कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांचा कायदा केला. तास अवाजवी असल्याची तक्रार आल्यास सरकारचे व्यापार मंडळ रेल्वे कंपनीकडून सुधारित वेळापत्रक मागू शके. यातले मर्म पाहा. कायद्याने कामगाराला 'जागा राहा' असे बजावले नाही. कंपनीला 'तक्ता दाखव' असे फर्मावले.

६/ आपल्याकडेही कायद्याची वानवा नव्हती. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने साधारण मर्यादा घातली: दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग ९ तासांचा विसावा. कागदावर सारे देखणे.

७/ आता फटी पाहा. कायदा लागू होई तो ५ किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायाला. थांब्यावरची नुसती हजेरी कामात धरायची ती १५ मिनिटांहून कमी असेल तरच. आणि त्या ९ तासांतच घरी जाणे, जेवण, अंघोळ, पुन्हा आगारात येणे. मग झोपेच्या वाट्याला काय उरले, याचा हिशेब आपणच मांडा.

८/ रेल्वेतही हाच झगडा झाला. १९७३ मध्ये इंजिनचालक व त्यांच्या सहकाऱ्यांनी संप केला. हजेरी लावल्यापासून कामावरून सुटेपर्यंत १० तासांहून अधिक काम नको, ही त्यांची प्रमुख मागणी. सरकारने ती मान्य केली, पण केव्हा? गाड्या थांबल्यावर. विश्रांती ही कृपेने मिळालेली वस्तू नाही, ती भांडून घ्यावी लागली आहे.

९/ 'थकवा मोजायचा कसा?' हा आक्षेप आता टिकत नाही. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉसन व रीड यांच्या प्रयोगात सलग १७ तास जागलेल्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्यांइतकी घसरली. भारतात चालकासाठी मद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. दारूसाठी आपण नाक्यावर यंत्र लावतो. जागरणासाठी पाळीचा तक्ता उघडण्याचीही तसदी घेत नाही.

१०/ 'मग पेंग ओळखणारा कॅमेरा बसवा.' अवश्य बसवा. पण तो घंटा वाजवील ती पापणी मिटल्यावर. युरोपीय संघाचा २००६ चा नियम मुळाशी जातो: साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती, सुरक्षिततेला बाध येईल अशा तऱ्हेने अंतरावर मोबदला देण्यास मनाई, आणि चालकाने नियम मोडल्यास कंपनीही उत्तरदायी. तिथले चालक काही जन्मतः अधिक जागरूक नाहीत. तिथे त्यांच्या मालकाला जाब विचारण्याची सोय आहे.

११/ शेवटचा बचाव: 'दुसरा चालक ठेवला तर तिकीट महागेल.' महागेल. पण आज तो खर्च वाचतो म्हणजे नाहीसा होत नाही. तो रात्री मागच्या आसनांवर झोपलेल्यांच्या जिवावर टाकला जातो. दिवाळीच्या गर्दीत दुप्पट भाडे घेणाऱ्याने दुसऱ्या चालकाच्या पगाराचे रडगाणे गाऊ नये.

१२/ इतिहासाच्या अभ्यासकाला साधन तपासण्याची सवय असते. ती इथेही वापरा. पुढचा अपघात वाचाल तेव्हा चालकाच्या चुकीशी थांबू नका. त्याच्या मागच्या सात दिवसांच्या पाळ्यांचा तक्ता मागा आणि त्याखाली सही कोणाची आहे ते पाहा. तो तक्ता जाहीर करणे प्रत्येक चौकशीत बंधनकारक झाले पाहिजे. तोवर 'मानवी चूक' या शब्दांत एका माणसाचे नाव येत राहील आणि दुसऱ्याचे लपत राहील.