कुसळ, मुसळ आणि मत्तय

थंडीच्या दिवसांत एका लग्नानिमित्त आदिलाबादला जाणे झाले. पैनगंगा ओलांडली की तेलंगण सुरू होते, पण मराठी काही नदीकाठी थांबत नाही. 1956 मध्ये भाषावार राज्ये झाली तेव्हा या जिल्ह्याचा किनवट, राजुरा हा भाग मुंबई राज्यात गेला, बाकीचा आंध्र प्रदेशात राहिला. सोयरीक दोन्हीकडे होती, ती तशीच राहिली.

मांडवात कुणाच्या तरी भाऊबंदकीचा विषय निघाला. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसते, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही." मी सहज बोलून गेलो, "गुरुजी, ही तर बायबलातली म्हण."

गुरुजींचा चेहरा उतरला. "असं कसं म्हणता? माही आजी म्हणे हे. तिनं बायबल डोळ्यानं पाह्यलं नव्हतं."

आधी निजामाची उर्दू, मग कचेरीची तेलुगू. या दोन्हींत राहून ज्यांनी घरात मराठी जपली, त्यांना आजीची म्हणही दुसऱ्याची आहे असे सांगणे बरे नव्हे. शिवाय माझे म्हणणे अर्धेच खरे होते.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशूचे हे वचन आहे. पण मूळ ग्रीकमध्ये कुसळही नाही आणि मुसळही नाही. तिथे भावाच्या डोळ्यात बारीकशी काडी आहे आणि आपल्या डोळ्यात घराची तुळई! पोर्तुगीजांनीही ती 'त्राव', म्हणजे तुळईच ठेवली. मराठीत तुळईचे मुसळ झाले. गवतात फिरून आलेल्याला कुसळ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही, आणि वायनात पोहे कांडलेल्या बाईला मुसळाचे वजन सांगावे लागत नाही. वर यमक आयते. मराठी बायबलात आज हीच जोडी आहे.

ही कल्पना तरी एकट्या मत्तयाची कुठे? ज्यूंच्या तालमुदात काडी आणि तुळई आहेच. महाभारतात शकुंतला दुष्यंताला सुनावते, की परक्याचे मोहरीएवढे दोष दिसतात, स्वतःचे बेलफळाएवढे दिसत नाहीत. मात्र तिथे डोळ्यात काही गेलेले नाही. म्हणून माझे मत असे, की आपल्या म्हणीतला डोळा मत्तयाचा, त्यात गेलेल्या दोन्ही वस्तू आपल्या, आणि बोच तर कुणाच्याही गावची.

'बळीचा बकरा' याच्या उलट. लेवीय पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात दोन बोकड आहेत. एक कापतात. दुसऱ्याच्या डोक्यावर लोकांची पापे ठेवून त्याला जिवंत रानात सोडतात. इंग्रजीतला 'स्केपगोट' हा सुटलेला दुसरा बोकड. हा शब्द टिंडेलने 1530 च्या भाषांतरात घडवला. आपल्या वर्तमानपत्रांनी त्याच्या जागी बळीचा बकरा आणला आणि बिचाऱ्याच्या मानेवर सुरी आली. पोचम्मापुढे बोकड कापताना पाहिलेल्या आदिलाबादकराला पहिलाच बोकड कळणार, रानात सोडलेला नव्हे. चूक खरी, पण ती आता दुरुस्त करायला जाऊ नये.

हे सगळे गुरुजींना जेवणानंतर सांगितले. ते ऐकत होते, पण समाधान दिसेना. मग मी आमच्या सासष्टीतल्या फादर थॉमस स्टीफन्सची गोष्ट काढली. हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला आणि बायबलाची कथा त्याने ओव्यांत गायली. त्याचे 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये रायतूरला छापले गेले, रोमन लिपीत. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा बंद करण्याचा हुकूम काढला, तरी ख्रिस्ती घरांत त्या ओव्या म्हटल्या जात राहिल्या.

"ओव्या?" गुरुजी सावरून बसले. "आपल्या ज्ञानोबाच्या?"

"तशाच. दहा हजारांवर."

"देवनागरीत भेटते काय?"

शांताराम बंडेलूंची देवनागरी आवृत्ती पुण्याहून निघाली ती नेमकी 1956 साली, हे सांगितल्यावर ते पहिल्यांदा हसले. प्रत पाठवायचे कबूल करून आलो आहे. पणजीतल्या दोन दुकानांत विचारून झाले, अजून मिळालेली नाही.